लाँचीवर आग लागली तर

२ ऑगस्ट १९३४

पेट्रोलने पेट घेतला तर त्याच्यावर काय टाकायचं?

दादांनी जेवताना विचारलं. मला सांगता आलं नाही. पाणी टाकू नये एवढं ऐकून ठाऊक आहे. का टाकू नये, आणि मग काय टाकावं, ते ठाऊक नाही. परीक्षेत आत्मा जळतो की नाही यावर चार पानं लिहिली होती. पेट्रोलचा प्रश्न आला नव्हता.

बंदर कचेरीतून कागद आला आहे. उतारू नेणाऱ्या प्रत्येक पेट्रोल लाँचीवर आग विझवायचं साधन पाहिजे, नाहीतर परवाना नवा होणार नाही. कोणतं साधन ते लिहिलेलं नाही. नुसतं 'योग्य ते'. दादा म्हणाले, "योग्य काय ते तू ठरव. घरात पहिली पदवी आली ती काय भिंतीवर टांगायला?" चेष्टेतच म्हणाले. पण उठताना कागद माझ्या पाटाशेजारी ठेवून गेले.

आई म्हणाली, "जेवू तरी द्या तिला."

५ ऑगस्ट

पाऊस जरा उघडला तेवढ्यात खाडीवर जाऊन आले. लाँच अजून वर ओढलेली आहे, माडाच्या झापांनी शाकारलेली. आत शिरून बसले. दोन वर्षं हिच्यातून जाते-येते, पण या नजरेने कधी बघितली नव्हती.

पुढे पुरुषांची बाकं. मध्ये इंजीन, लाकडी पेटीत. इंजिनामागे जनाना: चारी बाजूंनी फळ्या, वर ताडपत्री, खिडक्यांना जाड पडदे. त्याच्या मागे सुकाणूची जागा. जनान्याला दार एकच, आणि ते इंजिनाला लागून.

जनाना दादांनी मुद्दाम बांधून घेतला. खाडीवरच्या सोमेश्वर गावातल्या मुसलमान घरांतल्या बायका शहरात येऊ लागल्या त्या त्यामुळेच. होडीत उघड्यावर बसवून त्यांना कोणी पाठवत नव्हतं. दादांना या गोष्टीचा अभिमान आहे. मलाही आहे.

लाँच चालवणारा धाकू तांडेल झाप सारखे करत होता. दादा लाँचीआधी शिडाचा पडाव चालवत, त्या दिवसांपासूनचा माणूस. त्याला विचारलं, आग लागली तर काय करशील?

"लागनार नाय."

"का?"

"रोज सकाळी इंजिनाला कापूर लावतो ना बाय. अग्नीला त्याचा मान दिला, की तो आपनहून कशाला येतोय?" मग थोड्या वेळाने, "आनि आलाच, तर ही एवढी पुळन पडलीय. एक बादली भरून ठेवू."

दादांना सांगितलं. ते म्हणाले, वाळूच ती, इंजिनात गेली की आगीने नाही तर तिने इंजीन मेलं.

१३ ऑगस्ट

मुंबईच्या एका कंपनीचा एजंट कोल्हापूरच्या मोटारीने आला. केळकर नावाचा. बंदर कचेरीचा कागद कुणाकुणाला गेला ते याला आमच्याआधी कळलेलं दिसलं.

पेटीतून पितळी पंप काढला. मोठ्या पिचकारीएवढा, मागे दांडा. शेजारचे तात्या कुंपणावरून बघत होते. "शिमगा कधीच झाला हो," म्हणाले. केळकर हसला नाही. अंगणात घमेल्यात पेट्रोल ओतून पेटवलं. ज्वाळा माडाच्या बुंध्याएवढी वर आली. त्याने दोनदा दांडा मारला, पातळ पाण्यासारखं काहीतरी उडालं आणि आग गेली. विझली असंही म्हणता येणार नाही. होती, आणि नव्हती. पांढरा धूर वाऱ्यावर तात्यांकडे गेला, ते खोकत आत गेले.

मग त्याने तोच द्रव रुमालावर घेऊन दादांच्या कोटावरचा जुना तेलाचा डाग काढून दाखवला. आग विझली त्यापेक्षा डाग गेला याचं सगळ्यांना जास्त वाटलं. आईला पंप पसंत आहे.

मी विचारलं, दुसऱ्या जातीचं यंत्र असतं का. आहे, म्हणाला, फेसाचं. पण ते मोठं, जड, बायामाणसांच्या आवाक्यातलं नाही, आणि लहान लाँचीला शोभत नाही. पंप परवान्याच्या तपासणीपर्यंत ठेवून घ्या, आवडला नाही तर परत.

ठेवून घेतला. मीच हो म्हटलं.

२४ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

लाँच पाण्यात गेली. दादांनी सोन्याच्या नारळाऐवजी साधाच वाहिला, दरवर्षीप्रमाणे. धाकूने इंजिनाला, पुढे नाळेला, मागे सुकाणूला हळदकुंकू लावलं. पितळी पंप इंजिनाच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगला होता, त्यालाही बोट लावलं. चिंचेने घासून लखलखीत केला होता त्याआधी.

पंप शोभतो खरा. निवडायचा म्हणजे काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. एकच दुकान बघून लुगडं घेतल्यासारखं.

३ सप्टेंबर

पहिल्या फेरीला खैरुन होती. बुरख्यातून हाक मारली, "इंदू, सर जरा."

इथे लिहून ठेवते, कारण पुढे हे वर्ष आठवेल तेव्हा हेही आठवावं. खैरुन सरकारी दवाखान्यातल्या सुईणींच्या वर्गाला जाते. नवरा आगबोटीवर, वर्षातून एकदा घरी. सासऱ्यांकडे मी आणि तिथल्या नर्सबाई तीनदा गेलो होतो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बंद जागेतून जाईल, बंद जागेतून येईल, तर जाऊ दे. बाकी काय झालं तर मला सांगायला येऊ नका. मी तिचं जाणं बंद करीन." दिवाळीनंतर तिची परीक्षा. सोमेश्वरपासून हरचिरीपर्यंत शिकलेली सुईण एकही नाही.

मी आतापर्यंत जे काही केलं म्हणता येईल, ते हे एवढंच.

११ सप्टेंबर. हरताळका

लाँचीवर आग लागली. कोणी मेलं नाही.

जसं झालं तसं लिहिते. मी उद्यासाठी सोमेश्वरला केळीची पानं आणि फुलं आणायला गेले होते, परत येताना जनान्यात बसले. आत गर्दी. खैरुन, तिची सासू, चारसहा बायका गणपतीच्या बाजाराला निघालेल्या, निम्म्या उपाशी. दार ओढून घेतलेलं. दादा स्वतः पुढे होते.

इंजीन सुरू होईना. धाकूने पेट्रोल सोडून बघितलं, पुन्हा सोडलं. तरी होईना. तेव्हा त्याने, सकाळी एकदा लावून झाला होता तरी, पुन्हा कापूर लावला. पेटीच्या झाकणावर. खाली पेट्रोल झिरपलेलं.

फटीतून उजेड दिसला. मग दादांचा आवाज, "पंप." दांड्याचे आवाज. उजेड गेला.

पुढे सगळे 'विझली, विझली' म्हणत होते. आमच्या बाजूला धूर फळ्यांतून आत आला. आगीच्या धुरासारखा नव्हे. डोळ्यांत, घशात, छातीत काहीतरी घट्ट धरल्यासारखं. दाराकडे जावं तर तो तिथूनच येत होता. खैरुनची सासू बाकावरून खाली बसली. मी पडदा फाडला. नीट सुटत नव्हता म्हणून फाडला.

किती वेळ, सांगता येत नाही. फार नसावा.

१२ सप्टेंबर

गणपती बसले. दर्शनाला येणारा प्रत्येक जण आगीची गोष्ट ऐकूनच जातो. तात्या दादांना म्हणाले, "दोन फटक्यांत? माझ्यासमोरही दोनच लागले होते." दादा हसून पंपाचं कौतुक करतात, स्वतःचं नाही. धाकू देवासमोर बराच वेळ बसून होता.

आरती म्हणताना माझा आवाज फुटला नाही. घसा. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१४ सप्टेंबर

सोमेश्वरला जाऊन आले. खैरुन मागच्या पडवीत भात निवडत होती. रात्रभर खोकली. सासू अजून निजूनच आहे. घरात सांगितलंय, सर्दी.

मी विचारलं, तुला वास कसला आला?

"भिजल्या पेंढ्याचा. पावसात उडवी भिजून आत कुजते ना, तसा." मीही तेच म्हणणार होते, शब्द सापडत नव्हता.

मी म्हटलं, दादांना सांगते, तुझ्या सासूला काय झालं ते.

तिने सूप खाली ठेवलं. "तू सांगशील. तुझे दादा आमच्या सासऱ्यांना विचारतील, म्हातारी कशी आहे. चांगल्या मनानेच विचारतील. मग? परीक्षा द्यायला तू जाशील माझ्या जागी?"

"मग असंच बसायचं त्या खोक्यात?"

"ते तू बघ. तू शिकलीस. माझं नाव न घेता बघ."

येताना जनान्यात बसले. पडदा नवा लागला आहे, पहिल्यापेक्षा जाड.

१७ सप्टेंबर

हायस्कुलात विज्ञान शिकवणारे आठल्ये मास्तर गणपतीच्या सुट्टीत घरी होते. पंपातला द्रव बाटलीत नेला. कशासाठी ते सांगितलं, त्रास कोणाला झाला ते नाही.

मास्तरांनी आधी थंड पाण्यात टाकून बघितला. बुडाला. वास गोडसर, वाईट नाही. मग परसात तीन दगडांच्या चुलीवर जुना तवा लाल होईपर्यंत तापवला, तोंडाला पंचा बांधला, वारा येतो त्या बाजूला मला उभं केलं आणि चार थेंब टाकले.

दोन पावलं मागे झाले. पंचा काढून म्हणाले, "यात क्लोरीन आहे. गरम लोखंडावर पडला की त्याचं दुसरंच काहीतरी होतं. काय होतं ते मी छातीठोक सांगणार नाही, माझ्याकडे तेवढी साधनं नाहीत. पण हे मी मुलांपुढे वर्गात करणार नाही."

"उघड्यावर केलं तर?"

"उघड्यावर ठीक. मोटारीला हा पंप उत्तम. दार उघडायचं, बाहेर उडी मारायची, मग दांडा मारायचा. बंद खोलीत माणसं ठेवून नाही."

वाऱ्याच्या बाजूला असूनही मला तो वास आला. तोच.

म्हणजे पंप खोटा नाही. एजंटही खोटं बोलला नाही. त्याने अंगणात दाखवला, मी अंगणात बघितला. लाँचीला अंगण नाही हे कोणी बघायचं होतं?

२० सप्टेंबर

दादांशी बोलले. ओटीवर, ते सुपारी कातरत होते तेव्हा.

मी: हा पंप जनान्याशेजारी नको. त्याचा धूर वाईट आहे. मास्तरांनी पण बघितलं.

ते: आग विझली की नाही?

मी: विझली.

ते: मग? कुठल्या आगीत धूर नसतो गो?

मी: मी आत होते, दादा. तीन दिवस माझा घसा बसला होता.

त्यांनी अडकित्ता थांबवला. हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मला का नाही सांगितलंस?" मग, "आणि बाकीच्या? बाकी कोणी तर काही बोललं नाही."

मी कातरलेली सुपारी गोळा करू लागले.

"म्हणजे तुला एकटीला झालं."

माझ्या बाजूची सर्वांत मोठी गोष्ट माझ्या हातात होती आणि ती वापरायची नव्हती. दादांना वाटलं, मला उत्तर सुचलं नाही. वाटू दिलं.

शेवटी म्हणाले, "मागव ते फेसाचं. बघू तर खरं. पण हा पंप मी काढत नाही. याने माझी लाँच वाचवली."

केळकरला पत्र टाकलं.

२१ सप्टेंबर

धाकूशी कापराचं बोलले. वाटलं होतं रागावेल. बराच वेळ दोरीला गाठी मारत राहिला. मी म्हटलं, पेट्रोल आणायच्या आधी, किनाऱ्यावर उभं राहून लाव, नाळेसमोर.

"इंजिनाला नको?"

"लांबून नाही का दिसत त्याला?"

"दिसत आसंल." मग, "त्या दिवशी मी दुसऱ्यांदा लावला. दुसऱ्यांदा मागायचा नसतो मान. तिथंच चुकला."

त्याचं कारण वेगळं, माझं वेगळं. कापूर किनाऱ्यावर लागेल, तेवढं पुरे.

१ ऑक्टोबर

केळकर स्वतःच बोटीने आला, फेसाचं यंत्र घेऊन. पडावातून उतरवायला दोन माणसं लागली. लाल, डेऱ्याएवढं नाही पण घागरीपेक्षा उंच, वर फिरकी. आत दोन द्रव वेगवेगळे. फिरकी सोडायची, यंत्र उलटं करायचं, द्रव मिसळतात आणि फेस येतो. फिरकी घट्ट असेपर्यंत लाँच कितीही हलली तरी मिसळत नाहीत. वर्षातून एकदा आतला माल बदलायचा.

त्याला खरी गरज दुसऱ्याच कागदाची होती. आमच्या आगीची हकीकत त्याला कळली आहे. मी, पदवीधर महिला, इंग्रजीत चार ओळी लिहून द्याव्यात, की पितळी पंपामुळे उतारूंचे प्राण वाचले. कंपनी छापील. दादा म्हणाले, "लिही की. खरंच आहे."

खरं आहे. त्यानंतरचं लिहिलं नाही तर खरं आहे.

मी म्हटलं, "मी आग विझली असं लिहीन, आणि बंद जागेत तो वापरू नये असंही लिहीन. दोन्ही एका कागदावर."

केळकर म्हणाला, दुसरी ओळ जागेअभावी छापता येणार नाही. मी म्हटलं, मग पहिलीही नको. आई चहा घेऊन आली म्हणून विषय तिथे राहिला.

४ ऑक्टोबर

भाट्याच्या पुळणीवर चाचणी. केळकर जायच्या आधी करायची म्हणून ओहोटी बघून आज. निम्मं गाव जमलं.

जुन्या होडीचा मधला तुकडा ठेवला, त्यात पेट्रोल. दादांनी पेटवलं. मी आधीच सांगितलं होतं, उलटं मी करणार, कारण जड आहे आणि बायकांच्या आवाक्यातलं नाही हे केळकरचं म्हणणं. कासोटा आवळला. फिरकी सोडली. उचललं तेव्हा वाटलं, नाही होणार. मग मांडीवर टेकवून कलंडवलं, जसा मोठा हंडा कलंडवतात. तोंड आपोआप खाली आलं आणि नळीतून फेस सुटला.

पितळी पंपासारखी आग चटकन गेली नाही. फेस कडेकडेने पसरत गेला, आग मागे सरकत गेली, शेवटी एका कोपऱ्यात राहिली आणि तिथे गुदमरली. वेळ लागला. मी वाकून त्याच्यावर तोंड नेलं, मुद्दाम, श्वास घेतला. ज्येष्ठमधासारखा काहीतरी वास, खार. बाकी काही नाही.

मागून कोणीतरी: "इंदूताय, आमची पन धोतरा टाका त्यात." हशा. तात्या: "रिठे किती घातलेत?" माझं लुगडं गुडघ्यापर्यंत फेसाने भरलेलं. मीही हसले.

दादा हसले नाहीत. फेसात काठी घालून बघत होते. "हे इंजिनात गेलं तर धुऊन काढायला दोन दिवस." मग काठी टाकून, "पण पुन्हा पेट घेत नाही हे." बरंच आहे एवढं.

७ ऑक्टोबर

यंत्र मिळालं, जागा नाही.

इंजिनाशेजारी मावत नाही. पुढे पुरुषांत ठेवावं तर आग मध्ये, जनाना पलीकडे. बायकांपर्यंत फेस पोचायचा कसा? जनान्यात ठेवावं तर मावतं. पण मग धाकूला यंत्र लागलं तर तो जनान्यात शिरणार कसा? शिरला नाही तर आग, शिरला तर सोमेश्वरच्या बायका पुन्हा येणार नाहीत.

मागे, सुकाणूपाशी जागा आहे. तिथे टांगलं की धाकूच्या हाताशी. पण बायका आणि यंत्र यांच्यामध्ये फळी. त्या फळीत दार पाडलं तर सगळं सुटतं. यंत्र दोघांच्या हाताशी, आणि बायकांना आगीपासून लांबची वाट.

हे मला पाच ऑगस्टला दिसायला हवं होतं. एकच दार आहे असं तेव्हा लिहिलंय सुद्धा. लिहिलं आणि पुढे गेले.

८ ऑक्टोबर

दादा नाही म्हणाले. शांतपणे. मागचं दार म्हणजे बायका धाकूच्या तोंडासमोर. "जनाना कशासाठी बांधला मी? बंद आहे म्हणून त्यांची माणसं पाठवतात. दार पाडलं असं कळलं की उद्यापासून जनाना रिकामा. मग तुझं यंत्र कोणाला वाचवणार?"

हे खोटं नाही.

दादा परवा कोल्हापूरला निघतात, इंजिनाचा एक भाग मिळतोय का बघायला. तपासणीच्या आदल्या दिवशी परत येतील. उठताना म्हणाले, "यंत्राचं तू ठरव, मी शब्द दिलाय. पण लाँचीला भोक पाडलंस तर..." वाक्य पुरं केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

११ ऑक्टोबर

ज्यांचं दार, त्यांनाच विचारायचं इतके दिवस सुचलं नाही.

आज जनान्यात, दार ओढून, भाट्यापर्यंत. खैरुन, तिची सासू (आता हिंडते), आणखी पाच जणी. सगळं सांगितलं. मागे दार, कडी आतून, दारावर पडदा, एरवी कधी उघडायचं नाही. आग लागली तरच.

एकजण म्हणाली, "आनि धाकूने बघितलं तर?"

सासू म्हणाली, "आग लागल्यावर धाकू तुझा तोंड बघत बसनार? एवढा काय लागून गेलाय तुझ्या तोंडाला?"

बाकीच्या हसल्या. ती मुलगी पण.

मग सासू माझ्याकडे वळून, हळू: "आमच्या घरातला मी बघतो. म्हाताऱ्याला मी सांगेन, मागे हवा यायला खिडकी केली. माझा दम लागतो, त्याला म्हाइत हाय." खैरुनने माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या स्वतःविषयी पुल्लिंगात बोलतात, तशीच तिची सासूही. आज प्रथम वाटलं, हे दादांच्या तोंडी शोभेल असं वाक्य आहे: आमच्या घरातला मी बघतो.

मी विचारलं, दोघीतिघींना यंत्र उलटं करायला शिकवलं तर? चार हात वर आले. खैरुनचा पहिला.

दोघी घरी विचारून सांगते म्हणाल्या. त्या कदाचित येणार नाहीत. तेही लिहून ठेवते.

१३ ऑक्टोबर

शिकवलं. रिकाम्या यंत्राने, लाँच ओहोटीत चिखलावर टेकलेली असताना. धाकूला किनाऱ्यावर पाठ करून बसवलं होतं. "माझीच लाँच आनि मीच बाहेर," म्हणत होता. खैरुनने पहिल्याच झटक्यात कलंडवलं. म्हणाली, बाळंतिणीला उठवून बसवण्यापेक्षा सोपं आहे.

१५ ऑक्टोबर

दादा उद्या संध्याकाळच्या मोटारीने येतात. परवा तपासणी.

सकाळी सुतार आला. खुणा मी केल्या. करवत चालवताना त्याने एकदा विचारलं, "दादांना म्हाइत हाय ना?" मी म्हटलं, नाही. त्याने हात करवतीवरून काढला. मग म्हणाला, "करवत आता मध्येच हाय, सांगा काय ते." मी म्हटलं, काप.

दुपारपर्यंत दार बसलं. कडी आतून. पडदा आईने शिवून दिला, काही न विचारता, जाडसर, निळा. लाल यंत्र सुकाणूच्या डाव्या हाताला पट्ट्याने बांधलं. केळकरने जाताना दिलेला माल भरला आहे, फिरकी घट्ट आहे, दोनदा बघितलं.

पितळी पंप पेटीत घालून केळकरच्या पत्त्यावर आजच्या बोटीने रवाना केला. बंदर कचेरीच्या कागदावर 'फेसाचं यंत्र, एक' असं लिहून दिलं. कारकुनाने विचारलं, मालकांची सही? मी म्हटलं, मालक उद्या येतील, निवड माझी आहे, सही माझी घ्या. घेतली त्याने. चालेल की नाही ते परवा कळेल.

सोमेश्वरला आजच बातमी गेली असणार. उद्याच्या फेरीला जनान्यात किती जणी असतील ते ठाऊक नाही. दादा मोटारीतून उतरून आधी घरी येतील की खाडीवर जातील, तेही नाही.

सुताराने कापलेली फळी धाकू मागत होता, चुलीला. अख्खी होती, मनात आणलं तर परत ठोकता आली असती. त्याला म्हटलं, ने. संध्याकाळी गेले तेव्हा त्याच्या घरी भात शिजत होता.